मुलांना घेऊन विहिरीत उडी घेतलेली आई वाचली, तर पुढे काय?

तालुका_कोर्ट

'दोन चिमुकल्यांसह विवाहितेची विहिरीत उडी.' हा मथळा इतका नेहमीचा झालाय की खालची बातमी न वाचताही सांगता येते. घरगुती वाद, सासरचा जाच, अकस्मात मृत्यूची नोंद, पुढील तपास अमुक हवालदार करीत आहेत. संपलं. पण कधीकधी ती बाई वाचते. साडी मोटरच्या पाइपला अडकते, नाहीतर शेजारच्या वावरातला गडी आवाज ऐकून दोर टाकतो. मुलं वाचत नाहीत. या बाईची गोष्ट पेपरात पुन्हा येत नाही, आमच्याकडे कोर्टात येते. मी फौजदारी बाजूने वकिली करते, म्हणून हा धागा.

आधी कायदा. आईने मूल मारलं यासाठी आपल्याकडे वेगळा गुन्हा नाही. खून तो खून. पूर्वी दंड संहितेचं ३०२, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. खून शाबीत झाला की त्याच्या खाली यायची मुभा न्यायाधीशालाही नाही.

आता तिने स्वतः मरायचा प्रयत्न केला त्याचं काय? मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ११५. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीतच धरायचं. त्याबद्दल खटला चालवायचा नाही, उपचार आणि पुनर्वसन बघणं सरकारचं काम. नव्या संहितेत तर जुनं ३०९ गाळूनच टाकलंय. म्हणजे एकाच उडीचे कायद्याने दोन तुकडे केले. तिच्या स्वतःच्या जिवापुरता तीव्र ताण न सांगता मान्य. त्याच क्षणी कडेवर असलेल्या पोराच्या जिवापुरता मात्र काहीच गृहीत नाही, डोकं ठिकाणावर नव्हतं हे तिनेच शाबीत करायचं.

लॉ कॉलेजात दोन जुने निकाल जोडीने शिकवतात. पहिला अलाहाबाद उच्च न्यायालयाचा, १९४० चा. धिरजिया नावाची बाई नवऱ्याच्या जाचाला कंटाळून रात्री सहा महिन्यांचं बाळ घेऊन घरातून निघाली. वाटेत मागे चाहूल लागली, वळून बघते तर नवरा पाठलागावर. ती घाबरून पळाली आणि विहिरीत उडी टाकली. ती वाचली, बाळ गेलं. न्यायालय म्हणालं, बाळाला मारायचा हेतू हिच्या डोक्यात असणं शक्य नाही. उडी जीवघेणी आहे हे कळत होतं असं धरलं तरी नवऱ्याच्या भीतीने गांगरून जाणं हे तो धोका पत्करायला पुरेसं कारण आहे. खून नाही, सदोष मनुष्यवध. शिक्षा काही महिन्यांची.

दुसरा मध्य भारत उच्च न्यायालयाचा, १९५३ चा. ग्यारसीबाई. नणंदेशी रोजची भांडणं. एका भांडणानंतर तीन मुलांना घेऊन विहिरीत. तिन्ही मुलं गेली, ती वाचली. इथे न्यायालयाने सांगितलं की घरातलं भांडण हे असा धोका पत्करायचं कारण होऊ शकत नाही. खून, जन्मठेप. शिक्षा कमी करावी अशी शिफारस सरकारकडे केली, कारण निकाल देणाऱ्यांनाही ती जड वाटली असावी.

दोन्ही निकाल कलमाला धरून आहेत. पण रात्री मागे धावणारा नवरा कोर्टाला दिसतो, रोज उठून ऐकलेले टोमणे दिसत नाहीत. 'गंभीर आणि अचानक चिथावणी'चा अपवादही इथे लागू होत नाही, कारण तो चिथावणी देणाऱ्याला मारलं तर, किंवा चुकून दुसरा कुणी मेला तर. नणंदेने चिथवलं आणि पोरं मेली, यात तो बसत नाही.

तुम्हाला काय वाटतं? मानसशास्त्रातलं कुणी असेल तर नक्की लिहा.

कडक_चहा

कलमं वाचली. आता त्या पोरांच्या बाजूने पण कुणीतरी बोला की. कडेवरच्या तान्ह्याला कळत नसेल, पण सात वर्षांच्या पोराला आई कुठे नेतेय ते कळतं. ते हात सोडवून घ्यायला बघतं. त्याचा हात घट्ट धरणाऱ्या बाईला मी तरी बिचारी म्हणणार नाही. बापाने पोरांना विष पाजल्याची बातमी आली की इथेच 'चौकात फाशी द्या' म्हणून रांग लागते, आणि आई म्हटलं की लगेच मानसशास्त्र? मुलं ही कुणाचीच मालमत्ता नाही.

शेवंती_७

+१. सासरच्यांवर राग होता तर त्यांचं काय ते बघायचं होतं. पोरांनी काय घोडं मारलं होतं?

मनोविकार_ओपीडी

शेवंतीताई, हा प्रश्न नातेवाईकही विचारतात. मुळात बहुतेक वेळा पोरांवर राग नसतो.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ फिलिप रेझ्निक यांनी १९६९ मध्ये जुन्या वैद्यकीय साहित्यातली १३१ प्रकरणं तपासली. स्वतःचं मूल मारणाऱ्या आईबापांचे त्यांनी हेतूवरून पाच गट केले आणि आजही चर्चेची सुरुवात तिथूनच होते. मुलाचं भलं करतोय या समजुतीने केलेली हत्या, तीव्र भ्रमात असताना केलेली, नकोशा मुलाची, मारहाणीत न ठरवता झालेली, आणि जोडीदारावर सूड म्हणून केलेली. सगळ्यात मोठा गट पहिला, जवळपास निम्मी प्रकरणं. सगळ्यात लहान सूडाचा. म्हणजे आपल्याला जे सगळ्यात आधी सुचतं ते सगळ्यात कमी घडतं.

विहिरीची बाई पहिल्या गटातली. तिच्याशी नंतर बोललं की ती मुलांबद्दल वाईट काही बोलत नाही. 'माझ्यामागं यांचं कोण करणार', 'सावत्र आईच्या हाती कशी देऊ'. तिचं मरायचं ठरलेलं असतं, आणि मुलं तिच्या मनात तिच्यापासून वेगळी नसतातच. कडक_चहा म्हणतात ते, मुलं मालमत्ता नाहीत, हे मला मान्य आहे, फक्त तिच्या डोक्यात ती मालमत्ताही नसतात, ती स्वतःच असतात. हे समर्थन नाही. एवढंच, की हिला फाशीची भीती घालून काही उपयोग नाही. जी मरायलाच निघालीय तिला फाशीचा काय धाक?

जन्मल्यापासून चोवीस तासांत मूल मारण्याचा प्रकार यापेक्षा पूर्ण वेगळा. त्यात आई बहुधा लहान वयाची, एकटी, गरोदरपण सगळ्यांपासून आणि कधीकधी स्वतःपासूनही लपवलेलं. तिथे मनोविकार क्वचितच सापडतो. भीती आणि लाज सापडते.

आणि बाळंतपणानंतरचं म्हणाल तर तीन गोष्टींची इथे कायम सरमिसळ होते. पहिल्या आठवड्यात रडू येणं, हळवं होणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि आपोआप जातं. बाळंतपणानंतरचं नैराश्य वेगळं. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये आला, त्यात ते साधारण २२ टक्के मातांमध्ये दिसलं. तिसरा आहे बाळंतपणानंतरचा सायकोसिस. हजार बाळंतिणींत एक किंवा दोन, पण ती वैद्यकीय इमर्जन्सी. बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत, अचानक. झोप उडते, मग संशय, मग भलतीच खात्री: हे बाळ माझं नाही, बदललंय, याच्यात काहीतरी शिरलंय. आपल्याकडे याला 'बाहेरचं' म्हणून देवर्ष्याकडे नेतात, आणि जे दिवस उपचारासाठी सोन्याचे असतात ते अंगारे लावण्यात जातात.

क्लिअरलेककर

आम्ही ह्यूस्टनच्या ज्या भागात राहतो तिथेच अँड्रिया येट्सचं घर होतं, त्यामुळे ही केस इथल्या जुन्या मराठी मंडळींना तपशीलवार माहीत आहे. २० जून २००१. नवरा नासात इंजिनिअर. पाच मुलं, थोरला सात वर्षांचा, धाकटी सहा महिन्यांची. हिला एकटं ठेवू नका असं डॉक्टरांनी सांगितलेलं. नवरा नऊच्या सुमारास कामावर गेला, सासू दहाला येणार होती. मधल्या तासात तिने पाचही मुलांना बाथटबमध्ये बुडवलं आणि स्वतः पोलिसांना फोन केला.

हे आकाशातून पडलेलं नव्हतं. १९९९ मध्ये चौथ्या मुलानंतर तिने आत्महत्येचे प्रयत्न केले होते, दवाखान्यात राहिली होती, हॅलडॉल या भ्रमावरच्या औषधाने बरी झाली होती. आणखी मूल होऊ देऊ नका, हे पुन्हा होणार, असं तेव्हाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी बजावलं होतं. पाचवं मूल झालं. नंतर वडील वारले, ती पुन्हा ढासळली. हॅलडॉल सुरू झालं आणि घटनेच्या साधारण दोन आठवडे आधी बंद करण्यात आलं.

टेक्सासमध्ये वेडाचा बचाव फार अरुंद आहे: कृत्य चूक आहे हे कळत होतं की नाही, बस. सरकारी पक्ष म्हणाला, पोलिसांना फोन केला म्हणजे कळत होतं. बचाव पक्ष म्हणाला, मुलं सैतानाच्या तावडीत जाणार, आत्ता निष्पाप असतानाच मेली तर नरकातून सुटतील, अशी तिची पक्की खात्री होती. वर डॉक्टरांनी ज्यांचा उल्लेख केलाय ते रेझ्निक बचावाचे साक्षीदार होते. २००२ मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं, जन्मठेप. मग उघड झालं की सरकारी बाजूचे तज्ज्ञ पार्क डीट्झ यांनी साक्षीत ज्या टीव्ही मालिकेच्या भागाचा हवाला दिला होता (आई मुलांना बाथटबमध्ये बुडवते आणि वेडाच्या बचावावर सुटते) तो भाग कधी निघालाच नव्हता! २००५ मध्ये अपिलात शिक्षा रद्द, २६ जुलै २००६ ला दुसऱ्या ज्युरीकडून 'वेडामुळे निर्दोष'. तेव्हापासून ती सरकारी मनोरुग्णालयात आहे. त्याच बाईने त्याच सकाळी केलेलं तेच कृत्य, आणि दोन ज्युरींचे दोन निकाल.

कडक_चहा, तुमचा मुद्दा इथेही तेव्हा लोक रोज मांडत होते. फक्त २००३ मध्ये टेक्सासने एक कायदाही केला, की बाळंतिणीला डिस्चार्ज देताना या आजारांची माहिती लेखी द्यायची.

तालुका_कोर्ट

डॉक्टर आणि क्लिअरलेककर, मनापासून आभार.

आपलं जुनं कलम ८४ (आता २२) टेक्सासपेक्षा शब्दांनी थोडं सैल आहे. मनोविकारामुळे कृत्याचं स्वरूप कळत नव्हतं, किंवा ते चूक आहे अथवा बेकायदा आहे हे कळत नव्हतं, तर गुन्हा नाही. मूळ तेच, १८४३ चे इंग्लंडचे मॅकनॉटन नियम. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दह्याभाई ठक्कर प्रकरणात सांगून ठेवलंय की हे शाबीत करायचं ओझं आरोपीवर आहे, पण ते दिवाणी दाव्याइतकंच, 'असं असण्याची शक्यता जास्त' इथपर्यंत. कागदावर हे सोपं वाटतं.

प्रत्यक्षात काय होतं? घटनेच्या क्षणी मन कसं होतं हे आगेमागे ती कशी वागत होती यावरून दाखवायचं. त्यासाठी ओपीडीचा एखादा केसपेपर लागतो, गोळ्यांची चिठ्ठी लागते. तिला नेलेलं असतं देवर्ष्याकडे, आणि तो काय केसपेपर देतो? ती रात्र रात्र बसून असायची, जेवत नव्हती, बाळाला घेत नव्हती हे सांगू शकणारी माणसं म्हणजे सासू, नवरा, जाऊ. आणि फिर्याद त्यांचीच. माहेरचे पहिल्या एकदोन तारखांना कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसलेले दिसतात, मग तेही येईनासे होतात. तीन मुलांतलं एखादं वाचलं असेल तर ते सरकार पक्षाचं साक्षीदार असतं. सहा वर्षांच्या आतलं असेल तर ते आईजवळ तुरुंगातही राहू शकतं. शिवाय, तुरुंगात पाठवलेल्या बाईला मानसोपचारतज्ज्ञ दाखवेपर्यंत बरेचदा इतके दिवस लोटतात की तोवर ती 'नॉर्मल' दिसायला लागलेली असते.

कोतवाल_चावडी

थोडा इतिहास टाकतो, कारण या विषयाला महाराष्ट्रात जुनं मूळ आहे.

फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते अशाच एका खटल्यानंतर. त्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. कुणीतरी फसवलं, दिवस गेले, त्याने हात झटकले. तिने मूल मारून विहिरीत टाकलं (विहीर इथेही आहेच). काळ्या पाण्याची शिक्षा होऊन तिला अंदमानला पाठवलं. त्यावर जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात स्वतःच्या घरात विधवांना गुपचूप बाळंत होण्याची सोय केली. मूल घेऊन जा किंवा ठेवून जा. पुढे १८७४ मध्ये अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. काशीबाईची हकिगत जोतीरावांनी समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावरच्या टिपणावर १८८४ मध्ये दिलेल्या अभिप्रायात सांगितली आहे. पंढरपूरला १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांनी असंच गृह काढलं. तीर्थक्षेत्री आणून सोडलेल्या विधवा तिथे किती असत हे वेगळं सांगायला नको.

१८८१ मध्ये सुरतेच्या कोर्टाने विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली, नंतर शिक्षा कमी झाली. तेव्हा वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर जी आगपाखड झाली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं. तिला या थराला आणणारा पुरुष कोर्टात का उभा नाही, हा त्यांचा सवाल. वरचे काही प्रतिसाद वाचून तेच पुस्तक पुन्हा काढावंसं वाटलं.

इंग्लंडचं बघा. १६२४ च्या कायद्याने अविवाहित आईने बाळाचा मृत्यू लपवला की खूनच गृहीत धरत. ते १८०३ ला गेलं. पुढे न्यायाधीश फाशी सुनावत आणि गृहखातं ती माफ करी, असा खेळ चालायचा. शेवटी १९२२ आणि मग १९३८ चा कायदा आला: बाळ बारा महिन्यांच्या आतलं आणि बाळंतपणाच्या किंवा स्तनपानाच्या परिणामाने मनाचा तोल गेलेला, तर खून न धरता कमी प्रतीचा मनुष्यवध. तसं काहीतरी भारतात आणलं की धागाकर्तींचा प्रश्न सुटेल असं वाटतं.

निनावी_आई

नवीन आयडी काढून लिहितेय. मुलगा दीड महिन्याचा असताना त्याला घेऊन गॅलरीत उभं राहायची मला भीती वाटायची. आपण त्याला खाली टाकू असं डोक्यात यायचं. सुऱ्या वरच्या फळीवर ठेवून दिल्या होत्या. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर मूल काढून घेतील असं वाटलं. मुलगा आता शाळेत जातो. हा धागा वाचून पुन्हा घाम फुटला. मी त्यातलीच होते का?

मनोविकार_ओपीडी

नाही. तुम्ही सुऱ्या वर ठेवल्यात, गॅलरी टाळलीत. विचार आला आणि तुम्ही त्याला घाबरलात. नको असताना घुसणारे असे विचार नव्या आयांमध्ये फार जणींना येतात. त्रास खूप वाढला तर तो चिंतेचा किंवा ओसीडीचा (नको ते विचार पुन्हा पुन्हा येण्याच्या आजाराचा) भाग असतो आणि उपचाराने जातो. या बायका बाळाला इजा करत नाहीत, उलट नको इतकी काळजी घेतात. सायकोसिसमध्ये विचाराची भीती वाटत नाही, तो पटलेला असतो. धोका तिथे आहे.

गणिताचा_तास

सगळे धरून चाललेत की खून झालाय. तेही नेहमी खरं नसतं. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या सॉलिसिटर बाईची दोन तान्ही बाळं १९९६ आणि १९९८ मध्ये दगावली. १९९९ मध्ये जन्मठेप. बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्ष दिली की अशा घरात एक बाळ अचानक मरण्याची शक्यता ८५४३ त एक, म्हणून दोन मरण्याची सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. सरळ वर्ग केला! एकाच घरातली दोन भावंडं, तेच जनुक, तेच वातावरण, आणि घटना स्वतंत्र धरल्या. वर, दोन नैसर्गिक मृत्यू दुर्मिळ म्हणून खून, हा निष्कर्ष काढताना आईने दोन खून करणंही किती दुर्मिळ आहे हे बाजूला ठेवायचंच राहिलं. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर हरकत घेतली. २००३ मध्ये सुटली, तीही दडलेले प्रयोगशाळेचे अहवाल बाहेर आल्यावर. २००७ मध्ये वारली.

ऑस्ट्रेलियाची कॅथलीन फॉलबिग चार मुलांच्या मृत्यूपायी वीस वर्षं आत होती. तिच्या डायरीत 'माझंच काहीतरी चुकलं' छापाचं लिहिलेलं, ते कबुलीजबाब म्हणून वापरलं. मूल गेलेली कोणती आई असं लिहिणार नाही? पुढे मुलींमध्ये हृदयाचा ठोका बिघडवू शकणारा जनुकीय बदल सापडला. जून २०२३ ला माफी, डिसेंबरमध्ये शिक्षा रद्द.

शेवंती_७

बाप रे. ही माहीत नव्हती.

भीमथडी_९२

विषयाला धरून आहे म्हणून इथेच विचारतो. वहिनी बाळंत होऊन बारावा दिवस. चार रात्री झोपली नाही, बाळ झोपलं तरी नाही. काल म्हणाली दवाखान्यात बाळ बदललं. आई म्हणते नजर लागली, अमावस्येपर्यंत थांबा. भाऊ सुट्टी संपवून कामावर गेलाय. काय करू?

मनोविकार_ओपीडी

थांबू नका. आज, आत्ता. जवळ मानसोपचारतज्ज्ञ असेल तर तिथे, नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा आणि 'बाळंतीण आहे, झोप नाही, बाळ बदललं म्हणते' एवढं वाक्य तसंच्या तसं सांगा. गाडी मिळेपर्यंत तिला बाळासोबत एकटं सोडू नका, न्हाणीघरातही नाही. तिच्याशी वाद घालू नका, पुरावे देऊ नका, रागावू नका. जाताना बाळंतपणाचे कागद घ्या. पूर्वी कधी असं झालं होतं का, माहेरी कुणाला मनाचा आजार आहे का हे विचारून घ्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात, पण त्या फोनपायी निघायला उशीर करू नका. आईंना सांगा, नजर हवी तर वाटेत काढू. हा आजार लवकर पकडला तर चांगला बरा होतो. अंगावर पाजण्याचं काय ते तिथले डॉक्टर ठरवतील, त्यावर घरात चर्चा नको.

भीमथडी_९२

निघालो.

कडक_चहा

भीमथडी, काय झालं ते नंतर कळव.

बाकी धाग्याबद्दल: भ्रमातल्या बाईला तुरुंग नको, दवाखाना हवा, हे मान्य. पण ग्यारसीबाई भ्रमात नव्हती. विहिरीवर जाणाऱ्या बहुतेक बायका नसतात. त्यांचं काय करायचं ते सांगा. आणि नवऱ्याला काय होतं, तेही.

भीमथडी_९२

ॲडमिट केलं. झोपलीय. बाळ आत्याकडे. आई बोलत नाही माझ्याशी. डॉक्टर, धन्यवाद.

तालुका_कोर्ट

भीमथडी, उत्तम केलंत. २०१७ च्या कायद्यात असंही आहे की मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांच्या आतलं मूल सहसा तोडायचं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवणारा वॉर्ड आहे. तुमच्या इथे ती सोय नसेल, पण वहिनी सावरल्या की बाळाला भेटवण्याबद्दल डॉक्टरांना विचारत राहा.

कडक_चहा, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण सगळ्यात विचित्र गोष्ट तिथेच आहे. ती मेली, तर नवऱ्यावर आणि सासरच्यांवर आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा लागू शकतो. लग्नाला सात वर्षं झाली नसतील आणि छळ शाबीत झाला तर प्रवृत्त केलं असं न्यायालय गृहीतही धरू शकतं. पण ती वाचली तर आत्महत्या झालेलीच नाही, मग प्रवृत्त करण्याचं कलमच लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सतवीर सिंग प्रकरणात हे स्पष्ट केलंय. उरतं छळाचं जुनं ४९८अ, कमाल तीन वर्षं. म्हणजे छळ तोच, विहीर तीच. बाई मेली तर आरोपीच्या पिंजऱ्यात नवरा, वाचली तर ती स्वतः, आणि नवरा फिर्यादी. पोलिसांनाही हे माहीत असतं, म्हणून बाई शुद्धीवर येईपर्यंत एफआयआरचा सूर काय ठेवायचा यावर ठाण्यात बरीच घासाघीस चालते.

आता पहिला प्रश्न. कोतवाल म्हणतात तसा १९३८ चा इंग्लिश कायदा आणून भागणार नाही. त्याची मर्यादा बारा महिने. विहिरीत जाणारी पोरं दोन, पाच, सात वर्षांचीही असतात. येट्सला तो लावला असता तर पाचातल्या एकाच मुलापुरता लागला असता. शिवाय स्तनपानाने मन बिघडतं ही त्यामागची समजूत आता वैद्यकही धरत नाही. इंग्लंडात दुसरी वाट आहे, १९५७ च्या होमिसाइड ॲक्टमधली 'घटलेली जबाबदारी'. वेड नाही, पण मनाच्या आजाराने विवेक बराच क्षीण झालेला, तर खुनाऐवजी मनुष्यवध आणि शिक्षा न्यायाधीशाच्या हाती. आपल्याकडे ही मधली पायरीच नाही. एक तर पूर्ण शहाणी, जन्मठेप. नाहीतर पूर्ण वेडी, निर्दोष.

मी म्हणते, ११५ मधलं गृहीतक त्याच उडीत गेलेल्या मुलापर्यंत न्या. सुटका नको, पण १०३ वरून १०५ वर, सदोष मनुष्यवधावर, आणा. शिक्षा होऊ दे, पण किती ते तिचा संसार बघून ठरू दे. यात बाप येणार का? येऊ दे. स्वतः मरायला निघालेला, कर्जाने पिचलेला शेतकरी बाप पोराला सोबत नेतो तेव्हाही मला हाच नियम हवा. तुमच्या पहिल्या प्रतिसादातली तक्रार रास्त होती.

कडक_चहा

बाप धरून असेल तर विचार करतो. पोराचा हात घट्ट धरलेला असतो, त्याला कायद्यात कुठेतरी जागा हवी, एवढंच माझं म्हणणं राहील.

कोतवाल_चावडी

आणि पूर्ण वेडी ठरून सुटली तर घरी जाते का?

तालुका_कोर्ट

लगेच नाही. निर्दोष ठरवतानाच न्यायालय तिला सुरक्षित ताब्यात ठेवायचा आदेश देतं, म्हणजे बहुधा येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीचं मनोरुग्णालय. नातेवाईक हमी देऊन घेऊन जाऊ शकतात, पण घेऊन जायला येणार कोण, हा खरा प्रश्न. बरी झाल्याचा दाखला हातात असूनही तिथेच राहिलेल्या बायका आहेत.

निनावी_आई

माहेरचे पाठीशी नसतील तर वकील कोण देतं?

तालुका_कोर्ट

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, कोठडीतल्या कुणालाच नाही. तुरुंगातून अर्ज करता येतो, कागद नसले तरी चालतं. अटकेनंतर पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात तेव्हाच मागायचा, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणीचा अर्जही द्यायचा. नंतर दिलेल्या अर्जाला फारशी किंमत राहत नाही.